मागील चाकाचा जाम झालेला ब्रेक : कारणे व उपाय

चालत्या मोटारीच्या अंगी गतीमुळे जी ऊर्जा आलेली असते ती नष्ट करता येत नाही. तिचे दुसऱ्या एखाद्या स्वरूपात रूपांतर मात्र करता येते. ब्रेक हे असे रूपांतर घडवून आणणारे साधन होय. चालकाने पायाने पट्टी दाबली की चाकाशी घर्षण उत्पन्न होते, गतीची उष्णता होते व ती उष्णता हवेत निघून जाते. ही उष्णता किती असते याची कल्पना एका साध्या हिशेबावरून येईल. १,२०० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता थांबविली, तर सुमारे १ लक्ष ६७ हजार ज्यूल उष्णता निर्माण होते. तेवढ्या उष्णतेने अर्धा लिटर पाणी उकळीस येऊ शकेल. बेंगळुरूच्या उत्तरेस असलेली नंदी टेकडी समुद्रसपाटीपासून १,४७८ मीटर उंच आहे. हीच मोटार त्या टेकडीवरून सुमारे ५०० मीटर खाली मैदानात उतरली, तर सुमारे ५९ लक्ष ज्यूल एवढ्या ऊर्जेची विल्हेवाट लावावी लागते. एंजिनाचा व वाऱ्याचा रोध तिच्यातील काही भाग उचलतो. उरलेला सर्व भार ब्रेकवर पडतो.

ब्रेक लागणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो सुटणेही महत्त्वाचे आहे, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही. न लागणारा ब्रेक चालकास तत्क्षणी कळतो. न सुटणारा ब्रेक कित्येक महिने कळत नाही. आणि जेव्हा कळतो, तेव्हा बहुधा गॅरेजमध्ये पॅड बदलण्याचे काम चालू असते. जुने पॅड निघतात, पण नवे बसत नाहीत. दट्ट्या मागे सरकण्याचे नाव घेत नाही. अशा वेळी बळजबरी करण्याचा मोह होतो, आणि त्या बळजबरीतून पुढील अनर्थ उद्भवतो. म्हणून हा ब्रेक जाम का होतो व तो झाल्यावर काय करावे, याचा विचार येथे क्रमाने केला आहे.

चकती-ब्रेकची रचना

चकतीच्या ब्रेकची कल्पना जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे १९५३ मध्ये फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत चकती-ब्रेक बसविलेल्या जॅग्वार मोटारीने जिंकली, आणि त्यानंतर हे ब्रेक सामान्य मोटारींतही झपाट्याने येऊ लागले. भारतात कित्येक लहान मोटारींच्या मागील चाकांना आजही ड्रमचे ब्रेक असतात. परंतु अनेक मोटारींना व बऱ्याच मोटारसायकलींना मागेही चकत्या असतात.

या रचनेत चाकाबरोबर एक पोलादी किंवा बिडाची चकती फिरत असते. तिच्या दोन्ही अंगांस एकेक पॅड असतो. या पॅडांना चकतीवर दाबणारी जी पकड, तिला कॅलिपर म्हणतात. कॅलिपरच्या पोटात एक सिलिंडर असून त्यात दट्ट्या बसविलेला असतो. पायाच्या पट्टीने मास्टर सिलिंडरमधील द्रवावर दाब दिला की तो नळ्यांतून दट्ट्यापर्यंत पोचतो. हा द्रव बाजारात ‘ब्रेक ऑइल’ या नावाने ओळखला जातो. वास्तविक तो तेल नसून ग्लायकॉल जातीचा द्रव आहे, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पसरतो, हा पास्कलचा नियम शाळेत शिकविला जातो. दट्ट्याचे क्षेत्रफळ १० वर्ग सेंटिमीटर आणि द्रवाचा दाब दर वर्ग सेंटिमीटरवर ४० किलोग्रॅम धरला, तर दट्ट्या ४०० किलोग्रॅम भाराएवढ्या बळाने आतील पॅडला चकतीवर दाबतो. बाहेरील पॅडसाठी बहुतेक मोटारींत दुसरा दट्ट्या नसतो. तेथे संपूर्ण कॅलिपर दोन गुळगुळीत पिनांवर आडवा सरकू शकतो. दट्ट्या आतील पॅडला ढकलतो तेव्हा प्रतिक्रियेने कॅलिपर उलट दिशेस सरकतो आणि बाहेरील पॅडला ओढून चकतीशी भिडवितो. म्हणजे या ब्रेकमध्ये मोकळेपणाने हलावयास हव्यात अशा गोष्टी दोन : एक दट्ट्या आणि दुसऱ्या त्या सरकत्या पिना.

जाताना बळ, येताना लवचीकता

पायाची पट्टी सोडल्यावर दट्ट्या मागे कसा येतो? त्याला मागे ओढणारी स्प्रिंग नसते. सिलिंडरच्या भिंतीत एक खाच असून तिच्यात चौकोनी छेदाचे रबरी कडे बसविलेले असते. द्रव गळू न देणे हे या सीलचे पहिले काम. दट्ट्या पुढे जाताना हे कडे त्याच्याबरोबर किंचित वाकते. दाब सरताच ते पूर्ववत् होऊ पाहते व दट्ट्याला मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतके मागे ओढते. तेवढ्यानेच पॅडचा दाब सुटतो व चकती मोकळी फिरू लागते.

येथेच या साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे. दट्ट्यास पुढे जाण्यासाठी शेकडो किलोग्रॅमांचे बळ लाभते. परत येण्यासाठी मात्र रबराच्या लवचीकतेचाच काय तो आधार. दट्ट्यावर थोडासा गंज चढला किंवा पिना कोरड्या पडल्या, तरी जाण्याच्या वाटेवर हा अडथळा द्रवाच्या दाबापुढे काहीच नसतो. ब्रेक उत्तम लागतो. परतीच्या वाटेवर मात्र तोच अडथळा रबराला भारी होतो, व पॅड चकतीला घासत राहतो. चालक म्हणतो, ‘ब्रेक चांगला लागतो, म्हणजे ब्रेक चांगला आहे.’ हे अनुमान अपुरे आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पॅड झिजत जातो तसतसा दट्ट्या सीलमधून हळूहळू पुढे सरकत जातो व झिजेची भरपाई आपोआप होते. सरकत्या कॅलिपरमध्ये दोन्ही पॅडांची झीज या एकाच दट्ट्याला भरून काढावी लागते. त्यामुळे पॅड संपेपर्यंत तो दहा ते पंधरा मिलिमीटर बाहेर आलेला असतो. हा प्रवास काही वर्षांचा असतो, आणि तो सर्वस्वी एकाच दिशेचा असतो. इतक्या अवधीत त्याला पूर्ण मागे जाण्यास कोणीच सांगितलेले नसते. दरम्यान त्याचा बाहेर आलेला भाग धूळ-पाण्यापासून केवळ एका पातळ रबरी टोपणामुळे सुरक्षित असतो. ते टोपण फाटले की ओल आत शिरते व त्या भागावर गंज चढतो. नवे जाड पॅड बसवावयाचे म्हणजे दट्ट्याला हा सर्व प्रवास एकाच बैठकीत उलट करावयास लावणे होय. गंजलेला भाग अशा वेळी सीलमध्ये जाऊन अडकतो. म्हणून पॅड बदलण्याच्या दिवशी जो दोष दिसतो, तो त्या दिवशी उत्पन्न झालेला नसतो; तो केवळ त्या दिवशी उघडकीस येतो.

मागील चाकच का?

ब्रेक लागताच मोटारीचा भार पुढील चाकांकडे झुकतो. त्यामुळे थांबविण्याचे बहुतांश काम पुढील ब्रेक करतात व मागील ब्रेकांच्या वाट्यास थोडेच काम येते. कमी काम म्हणजे अधिक आयुष्य, असे वरवर वाटेल. पण यंत्राच्या बाबतीत ते नेहमीच खरे नसते. पुढील चकत्या वारंवार तापतात, त्यांवरील ओल सुकते व गंज घासला जातो. मागील भाग तुलनेने थंड राहतात. त्यांच्या पिना फारशा हलत नाहीत. आणि पुढील चाकांनी उडविलेला चिखल व पाणी त्यांच्यावरच येऊन पडते.

दुसरे कारण हातब्रेकचे. अनेक मोटारींत मागील कॅलिपरमध्येच हातब्रेकची योजना असते. दट्ट्याच्या पोटात आटे पाडलेला एक दांडा बसविलेला असून बाहेरील छोटा दांडा तारेने ओढला की तो आतून दट्ट्याला पुढे रेटतो. या योजनेमुळे अडकू शकणाऱ्या वस्तूंची संख्या वाढते : तार, बाहेरील दांडा, त्याचा आस व आतील आटे. शिवाय असा दट्ट्या सरळ दाबून मागे जातच नाही. तो दाबत दाबत फिरवावा लागतो. ज्याला हे ठाऊक नसते तो निर्दोष कॅलिपरलाही ‘जाम’ ठरवितो, व शिकंजा आवळून आतील आटे मोडतो.

विद्युत् मोटारींनी या प्रश्नास नवे रूप दिले आहे. ‘रेवा’ ही छोटी विद्युत् मोटार बेंगळुरूत तयार होऊन २००१ मध्ये बाजारात आली. आता त्या शहराच्या रस्त्यांवर विजेवर चालणारी वाहने मोठ्या संख्येने दिसतात. वेग कमी करताना अशा वाहनाची मोटर जनित्राचे काम करते व गतीची ऊर्जा बॅटरीत परत घालते. ही काटकसर उत्तम आहे. परंतु तिच्यामुळे घर्षणाच्या ब्रेकांना आणखीच कमी काम उरते, आणि न वापरलेला भाग गंजतो.

बेंगळुरूची हवा आणि रस्ते

बेंगळुरू समुद्रापासून दूर व सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेले आहे. रत्नागिरी, मालवण किंवा पणजी येथील खारी हवा तेथे नाही. गंज चढण्याच्या क्रियेस पाणी व प्राणवायू लागतात, आणि मिठामुळे ती क्रिया पुष्कळ वेगाने चालते. तेव्हा कोकणच्या मानाने बेंगळुरूत ब्रेक जाम होण्याचे प्रमाण नगण्य असावे, असे कोणास वाटेल. पण तेथे दुसरी कारणे आहेत. नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि त्यामागून येणारा ईशान्येकडील पाऊस मिळून वर्षातील बरेच महिने रस्ते ओले राहतात. वाहनांच्या गर्दीमुळे मोटारी मुंगीच्या पावलांनी चालतात. ब्रेक क्षणोक्षणी लागतात, पण हळू लागतात, आणि ओले भाग सुकविण्याइतकी उष्णता मागील चाकांत क्वचितच निर्माण होते. कित्येक कुटुंबांची दुसरी मोटार आठवडेच्या आठवडे इमारतीच्या तळघरात हातब्रेक ओढून उभी असते.

उभ्या वाहनाची कथा २०२० मध्ये साऱ्या देशाने अनुभवली. त्या वर्षी २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली व असंख्य मोटारी दीर्घकाळ जागच्या हलल्या नाहीत. अशा स्थितीत ओल्या चकतीवर गंजाचा थर येतो व हातब्रेकने दाबून धरलेला पॅड त्या थरास चिकटतो. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२२ च्या आरंभी, अतिवृष्टीने बेळ्ळंदूर, सर्जापूर रस्ता व बाह्य वर्तुळाकार मार्ग या भागांत पाणी भरले. तळघरांतील मोटारी बुडाल्या. पुराच्या पाण्यात चिखलाचे सूक्ष्म कण असतात. ते पिनांच्या रबरी टोपणांत शिरले की पाणी ओसरल्यावरही मागे राहतात, आणि ग्रीसमध्ये मिसळून त्याचा घट्ट लगदा होतो. बुडालेल्या मोटारीचे एंजिन व बैठका लोक आस्थेने साफ करवून घेतात; ब्रेकच्या पिना मात्र विसरल्या जातात. मुंबई, सांगली वा कोल्हापूरच्या पुरातून निघालेल्या मोटारींसही हेच लागू आहे.

घासत राहणाऱ्या पॅडचा परिणाम

समजा, एका मागील चाकाचा पॅड न सुटता चकतीवर घासत आहे व त्यामुळे चालत्या गाडीस १०० न्यूटन एवढा रोध होत आहे. हा रोध इतका अल्प आहे की चालकाच्या तो ध्यानातही येणार नाही. परंतु ३० किलोमीटरांच्या प्रवासात त्यापासून ३० लक्ष ज्यूल उष्णता उत्पन्न होईल. ताशी ६० किलोमीटर वेगावरून मोटार अठरा वेळा थांबविली असता जेवढी उष्णता चारही चाकांत मिळून निर्माण होते, तेवढी ही एकाच चाकात निर्माण होते. तिचा काही भाग वारा वाहून नेतो. पण चकती तापलेलीच राहते, आणि ती उष्णता पॅडमधून दट्ट्यात व दट्ट्यातून द्रवात शिरते.

येथे ब्रेक ऑइलचा स्वभाव महत्त्वाचा ठरतो. ग्लायकॉल जातीचा हा द्रव हवेतील ओल शोषून घेतो. डॉट ३ या प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. ठरावीक प्रमाणात ओल शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरलेला चालतो. डॉट ४ प्रतीसाठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. जुना, ओलसर द्रव तापलेल्या कॅलिपरमध्ये उकळला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. चालक पट्टी दाबतो, ती खाली जाते, आणि चाकापर्यंत दाब पोचतच नाही. अशा रीतीने न सुटणारा ब्रेक अखेरीस न लागणारा ब्रेक होतो. नंदीसारख्या उतारावर हे घडले तर त्याचा परिणाम काय होईल, हे सांगावयास नको.

तोपर्यंत दोष सूचना देत असतो. एका चाकाची तबकडी इतरांहून अधिक तापते किंवा तिच्यावर अधिक काळी धूळ बसते. जळका वास येतो. सपाट रस्त्यावर गाडी पूर्वीसारखी सहज घरंगळत नाही. इंधन अधिक लागते. प्रवासानंतर चारही चाकांजवळ हात नेऊन उष्णतेची तुलना करता येते. चकतीस मात्र हात लावू नये.

अडथळा नेमका कोठे आहे?

दट्ट्या मागे जात नाही, एवढ्यावरून कॅलिपर निकामी ठरत नाही. अडथळा पाचांपैकी कोठेही असू शकतो : पिना, हातब्रेकची तार व दांडा, दट्ट्याचे आटे, द्रवाची नळी, आणि शेवटी स्वतः दट्ट्या. वैद्य जसा रोगाचे निदान झाल्याशिवाय औषध देत नाही, तसे येथेही प्रथम निदान करावे. ते क्रमाने केल्यास फारशा साधनांची गरज लागत नाही.

आरंभी सुरक्षितता. गाडी सपाट जागी उभी करून पुढील चाकांस दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावे व हातब्रेक सोडावा. जॅकने उचललेली गाडी भक्कम घोडीवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली हात घालू नये. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या किंवा अज्ञात बनावटीच्या पॅडांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व त्याचे तंतू फुप्फुसांस अपायकारक असतात. ओल्या फडक्याने धूळ पुसून घ्यावी.

पहिली साक्ष जुन्या पॅडांची. ते काढल्याबरोबर टाकून न देता शेजारी शेजारी ठेवून पाहावे. आतील पॅड झिजलेला व बाहेरील जाड असेल, तर कॅलिपर सरकत नसावा किंवा दट्ट्या परतत नसावा. एकच पॅड एका टोकास अधिक झिजून तिरपा झाला असेल, तर दोहोंपैकी एक पिन अडकली असण्याचा संभव आहे. एका चाकाचे दोन्ही पॅड दुसऱ्या बाजूच्या पॅडांहून पुष्कळच झिजले असतील, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नव्हता असे समजावे.

दुसरी परीक्षा पिनांची. कॅलिपर बाजूस केल्यावर पिना हाताने सहज सरकल्या पाहिजेत. न सरकल्यास त्या बाहेर काढून साफ कराव्यात.

तिसरी परीक्षा हातब्रेकची. हातब्रेक सोडलेला असता कॅलिपरवरील दांडा मागे येऊन आपल्या टेकूस टेकला पाहिजे. टेकत नसल्यास त्याची तार सोडवून पाहावी. तार सोडताच दांडा परतला तर दोष तारेत आहे. तरीही न परतल्यास दांड्याचा आस कॅलिपरमध्ये गंजलेला आहे.

चौथी परीक्षा आट्यांची. दट्ट्याच्या तोंडावर खाचा असतील तर तो बहुधा फिरवून मागे न्यावयाचा असतो. त्यासाठी खाचांत बसणारे विशेष हत्यार मिळते. फिरविण्याची दिशा पुष्कळदा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे असते, पण काही गाड्यांत ती उलट असते. म्हणून निर्मात्याची पुस्तिका पाहावी. ज्या मोटारींत हातब्रेक विजेच्या बटणाने लागतो, त्यांत कॅलिपरवरील विद्युत् मोटर आधी दुरुस्तीच्या स्थितीत मागे न्यावी लागते. तसे न करता दट्ट्या रेटल्यास आतील दंतचक्रे मोडतात.

पाचवी परीक्षा सर्वांत उद्बोधक आहे. दट्ट्या अजूनही हलत नसेल, तर कॅलिपरवरील निपलला रबरी नळी जोडून तिचे दुसरे टोक बाटलीत सोडावे व निपल किंचित उघडावा. आता दट्ट्या सहज मागे गेला, तर तो जाम नव्हताच. द्रवास परतण्याची वाट बंद होती. लवचीक नळीचे आतील अस्तर जुनेपणी फुगते व एकमार्गी झडपेसारखे वागते. पायाच्या मोठ्या दाबाने द्रव आत जातो, पण परत येऊ शकत नाही. अशा वेळी कॅलिपर बदलून काहीच साधत नाही. नळी बदलावी लागते. निपल उघडल्यावरही दट्ट्या हलला नाही, तरच तो सिलिंडरमध्ये अडकला आहे असे निश्चित म्हणता येते.

दुरुस्ती

पिनांचा दोष सर्वांत सोपा. गंज व जुने ग्रीस पुसून, फाटलेली टोपणे बदलून, ब्रेकसाठीच बनविलेले सिलिकोन जातीचे ग्रीस पातळ लावावे. साधे खनिज ग्रीस वापरू नये. ब्रेकमधील रबर त्याने फुगते, आणि सुटलेली पिन काही महिन्यांत पुन्हा अडकते. खाचा पडलेली पिन बदलावी.

दट्ट्या अडकला असल्यास कॅलिपर उतरवून उघडावा लागतो. हे काम जाणत्या मिस्त्रीचेच आहे. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये; तारेने बांधून ठेवावा. दट्ट्या बाहेर काढल्यावर त्याचा पृष्ठभाग निरखून पाहावा. वरवरचा मळ पुसून जात असेल आणि खालील लेप अखंड असेल, तर नवे सील व नवे टोपण घालून तो पुन्हा वापरता येतो. गंजाने खड्डे पडले असतील, तर कागदाने घासून ते जात नाहीत; उलट संरक्षक लेप निघून जातो व खडबडीत पृष्ठभाग नव्या सीलला कापतो. अशा वेळी दट्ट्या किंवा सबंध कॅलिपर बदलावा. सीलचे संच व कॅलिपर बेंगळुरूत जे. सी. रोडवरील सुट्या भागांच्या बाजारात मिळतात. प्रश्न बहुधा वस्तूच्या दुर्मिळतेचा नसतो, घाईचा असतो.

या घाईतून काही घातक उपाय निघतात, ते कटाक्षाने टाळावे. हातोड्याचे घाव घालू नयेत. त्यांनी सिलिंडर विद्रूप होतो. ज्योतीने तापवू नये. सील जळते व कोंडलेल्या द्रवाची वाफ होऊन तो उडतो. सांधे सैल करण्याचे तेल किंवा पेट्रोल सीलजवळ ओतू नये. नवे पॅड घासून पातळ करून कसेबसे बसविणे हा तर सर्वांत वाईट उपाय होय. त्याने मूळ दोष तसाच राहतो, पॅडचे आयुष्य वाया जाते, आणि मालकास मात्र काम झाले असे वाटते.

जोडणी आणि चाचणी

दट्ट्या मागे नेण्यापूर्वी त्याचा बाहेरील भाग पुसून घ्यावा, म्हणजे मळ सीलमध्ये जात नाही. दट्ट्या मागे गेला की द्रव वर ढकलला जातो. डबी आधीच भरलेली असल्यास तो बाहेर सांडतो व गाडीचा रंग खातो. काही कॅलिपरांत पॅडच्या पाठीवरील खुंटी दट्ट्याच्या खाचेत बसावी लागते. ती जुळली नाही तर पॅड तिरपा झिजतो. पॅड नेहमी एका आसाच्या दोन्ही चाकांचे एकाच वेळी बदलावे, नाहीतर दोन्ही बाजूंचे घर्षण विषम होते. निपल अथवा नळी उघडली असल्यास ब्रेकमधील हवा पूर्ण काढावी व ताजा द्रव भरावा. हा द्रव सामान्यतः दर दोन वर्षांनी बदलणे हितावह असते.

गाडी जागची हलविण्यापूर्वी पायाची पट्टी अनेक वेळा दाबावी. मागे गेलेला दट्ट्या प्रथम पॅडपर्यंत येऊन पोचावा लागतो. तोवर पट्टी तळापर्यंत जाते व ब्रेक मुळीच लागत नाही. पट्टी कडक झाल्यावर व चाक हाताने मोकळे फिरते अशी खात्री झाल्यावरच गाडी खाली उतरवावी. पहिली चाचणी मोकळ्या जागी, संथ गतीने घ्यावी. काही किलोमीटर गेल्यावर दोन्ही मागील चाकांची उष्णता ताडून पाहावी. ती सारखी असेल तर काम नीट झाले आहे. एक चाक अधिक तापत असेल तर निदानाचा क्रम पुन्हा आरंभापासून घ्यावा.

हा दोष मुळातच टाळावयाचा असेल, तर उपाय अवघड नाहीत. दर वर्षी, विशेषतः पावसाळा सरल्यावर, पिना व रबरी टोपणे तपासून घ्यावी. क्वचित वापरली जाणारी मोटार आठवड्यातून एकदा तरी चालवावी व मोकळ्या रस्त्यावर तिचे ब्रेक थोडे दाबून तापू द्यावे. दीर्घकाळ उभी ठेवावयाची असल्यास सपाट जागी, चाकांस ठोकळे लावून, गिअरमध्ये ठेवावी व हातब्रेक सोडून द्यावा. पाण्यात बुडालेल्या गाडीचे ब्रेक उघडून साफ केल्यावाचून ती रस्त्यावर आणू नये. आणि गॅरेजमध्ये ‘कॅलिपर जाम आहे’ असे ऐकल्यावर मालकाने दोन प्रश्न अवश्य विचारावे : निपल उघडून पाहिला काय, आणि जुने पॅड कोठे आहेत? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली, की दोष पिनेचा, नळीचा की दट्ट्याचा, हे बरेचसे उलगडते, आणि खर्चही योग्य ठिकाणीच होतो.